चातुर्मासाचा एक नवा नेम : ताटाची वही

आषाढ शुद्ध एकादशी उजाडली की चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णवांचा मेळा भरतो आणि ज्यांना पंढरीची वाट घडली नाही, त्यांच्या घरोघरी देवापुढे समई उजळून चातुर्मासाचे नेम धरले जातात. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करते, कोणी वांगे सोडते, कोणी एकभुक्त राहते, तर कोणी मौनाने जेवते. हे बहुतेक नेम अन्नाशी निगडित असावेत, हे मोठे अर्थपूर्ण आहे. जिभेवर ज्याची सत्ता चालत नाही, त्याची मनावर काय चालणार, असेच जणू आपल्या पूर्वजांना सुचवायचे असावे.

मीही गेली चाळीस वर्षे असे नेम करीत आले. सोमवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी यांपैकी एकही चुकविल्याचे मला स्मरत नाही आणि त्याचा थोडासा अभिमानही होता, हे कबूल करते. तीन वर्षांपूर्वी ज्येष्ठ महिन्यात जिना चढताना पायांत गोळे येऊ लागले, धाप लागू लागली. रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ निघाले. स्त्रीच्या रक्तात ते निदान १२ असावे लागते. अन्य कारणे तपासून झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, "आजी, तुम्ही जेवता काय?" मी म्हटले, "सगळे जेवते हो, घरात कशाला म्हणून कमी नाही."

हे उत्तर मी खोटे दिले नव्हते. परंतु ते खरेही नव्हते. घरी आल्यावर सुनेने एक कोरी वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "आई, आठ दिवस जे जे तोंडात जाईल ते इथे लिहाल? घरात काय शिजले ते नको, तुमच्या पानात काय आले तेवढेच लिहा."

वरवर सोपा वाटणारा हा नेम किती अवघड आहे, ते करून पाहणाऱ्यालाच कळेल. पहिल्या दिवशी मी 'आमटी' असे लिहिले. वास्तविक सर्वांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरलेले वरचे पाणी तेवढे माझ्या वाटीत आले होते. दुसऱ्या दिवशी 'पालेभाजी' असे लिहिताना हात थबकला. नातवाने टाकलेला एक घास होता तो! तिसऱ्या दिवसापासून मात्र मी वाटी, पळी आणि चमचा मोजून लिहू लागले.

दोन सोमवार आणि मधली एकादशी धरून आठ दिवसांची बेरीज अशी झाली : चहा ४१ कप, पालेभाजी एकदा, फळांपैकी केळी दोन, उसळ एकदाही नाही.

उपवासाच्या दिवसांचा हिशेब तर डोळे उघडणारा होता. खिचडीच्या एका भरल्या ताटलीत सुमारे ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचे कूट, अर्धा बटाटा आणि दोन चमचे तूप जाते. त्याचे उष्मांक होतात साडेपाचशेच्या घरात. दोन पोळ्या, वाटीभर आमटी आणि भाजी असे साधे जेवण सव्वाचारशेच्या आसपास राहते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपण हसत हसत म्हणतो. वहीने ती आकड्यांत दाखविली. पुन्हा एवढे उष्मांक पोटात जाऊनही पोषण म्हणावे तर फार थोडे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. त्यात प्रथिने नावापुरतीच असतात. खिचडीतून मिळालेली सात-आठ ग्रॅम प्रथिने ही सारी दाण्याची कृपा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने आवश्यक मानली आहेत. माझे वजन ५४ किलो. म्हणजे गरज झाली ४५ ग्रॅमची. रात्रीची भगर, दाण्याची आमटी आणि चहातले दूध धरूनही माझ्या एकादशीची बेरीज पंचविशीच्या पुढे सरकत नव्हती. लोहाची गोष्ट त्याहून वाईट. जेवणाबरोबर वा लगेच नंतर घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, आणि माझे तर प्रत्येक फराळावर चहाचे शिंपण चाललेले!

ही एका म्हातारीची कहाणी म्हणून सोडून देता आली असती. पण २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. याची कारणे अनेक आहेत. परंतु सर्वांना वाढून झाल्यावर मागे उरलेले खाणे हा गृहिणीचा धर्मच, असे जे आपण मानीत आलो, त्याला यातून पूर्णपणे मोकळे करता येईल असे मला वाटत नाही.

मग उपवास सोडावेत काय? माझ्या मनाला ते पटेना, आणि शास्त्रही तसे सांगत नाही. उपवास म्हणजे देवाच्या समीप वास करणे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अतिखाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे म्हटले आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात तर व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, मुळे, फळे, दूध यांच्याबरोबर औषधही आहे. एकादशीला औषधाची गोळी टाळणाऱ्या माझ्या वयाच्या भगिनींनी हे अवश्य ध्यानी घ्यावे. मधुमेही आणि गर्भवती यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास धरूच नये.

शिवाय फराळाचे ताट काही अनादि नव्हे. बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची आणि ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज या देशात आल्यानंतर ती येथे रुजली. तेव्हा ताटात आणखी थोडा फेरफार केल्याने धर्म बुडेल असे भय बाळगण्याचे कारण नाही. राजगिऱ्यात गव्हाहून अधिक लोह व कॅल्शियम असते आणि तो उपवासाला चालतो. आपल्या सणांनीही पुष्कळ शहाणपण सांभाळून ठेवले आहे. ऋषिपंचमीची माठ, सुरण, अळूची ती भाजी पाहा, किंवा कार्तिकातले आवळीभोजन पाहा. आवळ्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे धान्य-भाज्यांतील लोह शरीराला अधिक लाभते.

वहीचा नाद लागल्यावर मी वाण्याची यादीही हाती घेतली. तिच्यातून घराचा कल लगेच कळतो. आमच्या चार माणसांना महिन्याला पाच लिटर तेल लागत होते. म्हणजे माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम. पोषण संस्थेच्या २०२४ च्या आदर्श ताटात ते २७ ग्रॅम आहे. मीठ महिन्याला एक किलो, म्हणजे माणशी आठ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना पाचाच्या आत राहा म्हणते. मुलाने हा हिशेब दोनदा तपासला आणि लोणच्याची बरणी मुकाट्याने दूर सारली.

त्या वर्षी कार्तिकी एकादशीपर्यंत मी वही चालविली. हिमोग्लोबिन ११.२ झाले. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांचा त्यात मोठा वाटा होता, हे सांगायलाच हवे. मात्र आता आमच्या घरी आमटी तळापासून ढवळून वाढतात, आणि सून माझे पान सर्वांबरोबरच घेते.

आज एकादशी आहे. दुपारी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी आणि वाटीभर दही. संध्याकाळी दूध आणि फळ. खिचडीही होईल, कारण नातवाला ती हवी आहे, आणि मला दोन चमचे. वहीत तिथी घालून ठेवली आहे. सकाळचा एक चहा तेवढा मांडून झाला.