हृदयाचे ऑपरेशन आणि लघवीचा हिशेब

जोगेश्वरीच्या एका शाळेतील शिक्षिकेने आम्हाला एक प्रश्न पाठवला. त्यांच्या वर्गातला पाचवीचा मुलगा हृदयाचे ऑपरेशन करून दोन महिन्यांनी शाळेत परतला. मुलांनी त्याला घेरले, छातीवरचा व्रण पाहिला. पण त्यांना जास्त नवल वाटले ते त्याने सांगितलेल्या दुसऱ्याच गोष्टीचे. ‘‘सिस्टर दर तासाला माझी लघवी मोजून कागदावर लिहायच्या.’’ वर्ग हसला. मग एका मुलीने विचारले, ‘‘बाई, दुखणं हृदयाचं, मग लघवी कशाला मोजतात?’’

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत रक्ताभिसरण एका पाठात येते आणि उत्सर्जन दुसऱ्या पाठात. दोहोंची गाठ क्वचितच घालून दिली जाते. शरीरात मात्र ती क्षणोक्षणी पडत असते. मोठ्या माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त ढकलते. त्यातले एक लिटरभर, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा, एकट्या मूत्रपिंडांकडे जातो. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून पाव किलोच्या थोडे वर! इतक्या लहान अवयवांना इतके रक्त लागते ते गाळण्याच्या कामासाठी.

पण या श्रीमंतीत एक कोपरा गरीब आहे. मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराला भरपूर रक्त मिळते, आतल्या गाभ्याला फार थोडे. गाळलेल्या पाण्यातून मीठ परत ओढून घेणाऱ्या नलिकांचा काही भाग नेमका या गाभ्याच्या हद्दीवर असतो. मीठ ओढायला ऊर्जा लागते आणि ऊर्जेला प्राणवायू. म्हणजे काम जास्त आणि पुरवठा तुटपुंजा. रक्ताचा दाब थोडा वेळ जरी उतरला तरी पहिला फटका या पेशींना बसतो.

हृदयाच्या उपचारात असा प्रसंग कधी येतो? दर हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. जोगेश्वरीहून स्लो लोकलने प्रभादेवीला उतरायचे आणि पूल ओलांडून परळला यायचे, तेथे केईएम आणि वाडिया ही रुग्णालये आहेत. ही वाट उपनगरांतल्या अनेक आईबापांच्या पायांखालची आहे. काही दोष मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन बंद करता येतात. तेव्हा हृदयाचे चित्र दिसावे म्हणून आयोडीनयुक्त द्रव रक्तात सोडतात आणि तो शरीराबाहेर जातो मूत्रपिंडांतूनच. या द्रवाचा धोका पूर्वी मानत तितका मोठा नसावा, असे अलीकडे अनेक डॉक्टरांना वाटते. तरी तो मुलाच्या वजनाच्या हिशेबाने, जपूनच दिला जातो.

मोठे दोष मात्र हृदय थांबवून, उघडून दुरुस्त करावे लागतात. तेवढा वेळ हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम एक यंत्र करते. अमेरिकेत जॉन गिबन यांनी 6 मे 1953 रोजी या यंत्राच्या साहाय्याने हृदयाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून असंख्य मुले या यंत्राच्या भरवशावर जगली आहेत. त्याची किंमतही थोडी मोजावी लागते. यंत्र भरण्यासाठी घातलेल्या द्रवाने रक्त पातळ होते. नळ्यांतून, पंपातून फिरताना काही तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतले हिमोग्लोबिन मोकळे होऊन नलिकांना इजा करते. परक्या पृष्ठभागांना स्पर्श झाल्याने सर्व शरीरात दाह उसळतो. आणि ऑपरेशननंतरचे पहिले एक-दोन दिवस थकलेले हृदय कमी जोराने चालते. गाभ्यातल्या त्या पेशींची सारी संकटे एकदम येतात ती अशी.

आता लघवी मोजण्याचे कारण. वीस किलोच्या मुलाला तासाला निदान 10 मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे लघवी झाली पाहिजे. सलग काही तास त्याहून कमी झाली तर डॉक्टर सावध होतात. रक्ताची तपासणी करून का कळत नाही? कळते, पण उशिरा. रक्तात क्रिएटिनीन नावाचा पदार्थ मोजतात. तो स्नायूंत सतत तयार होतो आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात.

हा उशीर वर्गात दाखवता येतो. प्लॅस्टिकच्या बाटलीचे वरचे तोंड कापून टाका, तळाशी एक भोक पाडा आणि ती बारीक धारेच्या नळाखाली धरा. थोड्या वेळाने पाण्याची पातळी एका उंचीवर स्थिर होईल. आता बोटाने अर्धे भोक झाका. पातळी एकदम उसळत नाही, हळूहळू चढते. भोक बुजले ते त्याच क्षणी, पातळीने ते सांगितले बऱ्याच वेळाने. नळ म्हणजे स्नायू, भोक म्हणजे मूत्रपिंड, पातळी म्हणजे क्रिएटिनीन. शिवाय ऑपरेशनमध्ये रक्त पातळ झालेले असते, त्यामुळे पातळी आणखी फसवी दिसते.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी येथे प्रसाद देवराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यंत्रावर ऑपरेशन झालेल्या 71 मुलांची पाहणी करून 2005 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या 20 मुलांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. क्रिएटिनीनवरून ते कळायला एक ते तीन दिवस लागले, पण इजा झालेल्या नलिकांतून सुटणारे एक प्रथिन लघवीत दोन तासांतच वाढलेले दिसले. ही चाचणी सर्वत्र रुळलेली नाही. सिस्टरांचा कागद आणि मोजपात्र अजून सुटलेले नाही.

बहुतेक मुलांची मूत्रपिंडे काही दिवसांत सावरतात. फार थोड्यांना काही काळ डायलिसिस लागते. तान्ह्या बाळांत ते पुष्कळदा पोटात द्रव सोडून करतात. पण ‘सावरली’ या शब्दावर आमचा पूर्ण विश्वास नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख गाळण्या असतात आणि जन्माच्या सुमारास त्यांची संख्या कायमची ठरलेली असते. एखादी मेली तर नवी येत नाही. शाळेत दोन शिक्षक रजेवर गेले की वर्ग एकत्र करून आपण दिवस निभावून नेतो. हजेरीपटावर काही दिसत नाही, उरलेल्यांचे घसे मात्र बसतात. उरलेल्या गाळण्यांचेही असेच होते. वर्षांनंतर त्याची खूण बहुधा दिसते ती वाढलेल्या रक्तदाबात किंवा लघवीतून जाणाऱ्या प्रथिनात. उत्तर अमेरिकेत अशा 131 मुलांची ऑपरेशननंतर पाच वर्षांनी तपासणी झाली (2016 साली ती प्रसिद्ध झाली), तेव्हा 22 जणांचा रक्तदाब जास्त निघाला. विशेष म्हणजे ऑपरेशनच्या वेळी इजा नोंदलेली मुले आणि न नोंदलेली मुले यांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे ‘आमच्या मुलाला तेव्हा काही झालं नव्हतं’ एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही.

शिक्षिकेने पुढे विचारले होते, ‘‘मग आम्ही काय करायचं?’’ छातीवर व्रण असलेल्या मुलाला शाळेच्या पेटीतली दुखण्याची गोळी आपणहून देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवणारे द्रव्यच अडवतात. हृदयाच्या मुलांपैकी काहींना लघवी वाढवणारे औषध चालू असते, त्यांना तासाच्या मध्येच जायला द्यावे. पाणी किती प्यायचे ते पालकांकडून विचारून घ्यावे. काहींना ते मोजून सांगितलेले असते, सरसकट ‘भरपूर पी’ म्हणणे चुकीचे. जुलाब-उलट्या झाल्या, डोळ्यांभोवती सूज आली, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी पालकांना कळवावे.

आणि वर्षातून एकदा रक्तदाब व लघवीची तपासणी. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची तपासणी होते. पथक शाळेत आले की या मुलाचे ऑपरेशन झाले आहे हे डॉक्टरांना आपण सांगावे. शर्टाच्या आतला व्रण गर्दीत निसटू शकतो. दंडाला गुंडाळायचा पट्टा मुलाच्या मापाचा आहे ना, तेही पाहावे. मोठ्या माणसाचा पट्टा बारीक दंडावर बांधला तर रक्तदाब असतो त्याहून कमी दिसतो.