वॉशिंग्टनचं वार्तापत्र : मत नसलेल्या शहराचा आवाज

12 जानेवारी 1991. व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कमध्ये, ऐन हिवाळ्यात, फुगाझी हा पंक बँड आखाती युद्धाच्या निषेधार्थ वाजवत होता. त्याच दिवशी अमेरिकी संसदेने युद्धाला मंजुरी दिली. प्रतिनिधीगृहात 250 विरुद्ध 183, सिनेटमध्ये 52 विरुद्ध 47. या मोजणीत वॉशिंग्टन शहराचं एकही मत नव्हतं, कारण तसा हक्कच त्याला नाही. इथली माणसं कर भरतात, लढाईवर जातात. पण सिनेटमध्ये त्यांचं कुणी नाही आणि प्रतिनिधीगृहातल्या त्यांच्या प्रतिनिधीला विधेयकावरच्या अंतिम मतदानात भाग घेता येत नाही. राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्कसुद्धा 1961च्या घटनादुरुस्तीने मिळाला.

तेव्हा मी पुण्यात कॉलेजला होतो. वॉशिंग्टन म्हणजे बुश आणि पेंटॅगॉन, एवढंच ठाऊक. त्या गावात आपल्याच वयाची पोरं सत्तेच्या दारात उभी राहून नाही म्हणत होती, हे पन्नाशी उलटल्यावर इथे राहताना कळलं. तेव्हा कळतं तर माझी अमेरिका वेगळी झाली असती.

इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने 2014 पासून पंकचा संग्रह जपला आहे. फोटोकॉपी केलेली पत्रकं, हाताने जुळवलेली छोटी मासिकं असा तो ऐवज. ‘टीन आयडल्स’ या शाळकरी पोरांच्या बँडने 1980मध्ये फुटताना कार्यक्रमांतून साठलेले पैसे वाटून न घेता त्यांतून स्वतःची तबकडी काढली. तिची कव्हरं पोरांनीच कापली, दुमडली, डिंकाने चिकटवली. इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांची ‘डिसकॉर्ड’ ही कंपनी अशी उभी राहिली आणि आजही चालू आहे. कॅलिफोर्नियाच्या दौऱ्यात याच पोरांनी एक युक्ती पाहिली होती: अल्पवयीनांच्या हातावर शाईने फुली मारायची, म्हणजे त्यांना दारू कुणी देणार नाही, पण गाणं मात्र ऐकता येईल. ती फुली त्यांनी इथे आणली. पुढे दारूपासून लांब राहणाऱ्यांनी ती अभिमानाने मिरवली.

या सगळ्यांच्या आधी ‘बॅड ब्रेन्स’ होते, चार कृष्णवर्णीय वादक. त्यांच्या वेगाने आणि ताकदीने बाकीच्यांना वाट दाखवली. पंक ही गोऱ्या उपनगरी मुलांची चीज, असं म्हणणाऱ्यांनी त्यांना आधी ऐकावं.

1985च्या उन्हाळ्यात ही पोरं दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीबाहेर ढोल, डबे, हाताला येईल ते बडवत वर्णभेदाविरुद्ध उभी राहिली. ‘पॉझिटिव्ह फोर्स’ ही संघटना त्याच वर्षीची. फुगाझीने तिच्याबरोबर गावात कितीतरी कार्यक्रम केले. तिकीट पाच डॉलरच्या आसपास, वयाची अट नाही, आणि जमा झालेला पैसा मोफत दवाखान्यासारख्या कामांना.

आखाती युद्ध थांबलं नाही. त्या मैफलीनंतर आठवडाभरात बगदादवर बॉम्ब पडले. पण त्या दवाखान्यात पुढेही बिनपैशांचे रुग्ण तपासले जात राहिले, आणि मला ते राजकारणच वाटतं. सिनेटमधल्या भाषणाइतकंच खरं.

शहराला राज्याचा दर्जा देणारी विधेयकं प्रतिनिधीगृहाने 2020 आणि 2021मध्ये मंजूर केली. सिनेटमध्ये ती अडली. हातावर फुली मिरवणारी ती पिढी आता साठीकडे झुकली आहे आणि तिच्या मुलांनाही सिनेटमध्ये प्रतिनिधी नाही. जगाला लोकशाही शिकवणाऱ्या देशाच्या राजधानीत हे चालावं, याचा मला राग येतो.