लेन्स जपायची, पण कशापासून?

अनंत चतुर्दशीच्या दुपारी मुंबईच्या लालबाग परिसरात किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या छायाचित्रकाराला एकाच वेळी तीन शत्रूंशी सामना करावा लागतो. हवेत उधळलेला गुलाल, केव्हाही कोसळणारी भाद्रपदातील सर आणि ढोल-ताशांच्या तालावर हेलकावणारी गर्दी. कॅमेऱ्याच्या पुढची काच या तिन्हींच्या तावडीत असते. हौशी छायाचित्रकार मात्र दुकानदाराने लेन्सबरोबर घ्यायला लावलेल्या एका यूव्ही फिल्टरवर निश्चिंतपणे विसंबून असतो.

'फिल्टर लावला की लेन्स सुरक्षित' हा समज आपल्याकडे चांगलाच रूढ आहे. तो पूर्णपणे खोटा नाही. पण अपुरा निश्चितच आहे. हूड, फिल्टर आणि झाकण म्हणजेच कॅप ही संरक्षणाची तीन साधने. प्रत्येकाचे काम वेगळे आणि मर्यादाही वेगळ्या. शिवाय आपल्या दमट हवेत लेन्स कायमची निकामी करू शकणारा एक चौथा शत्रू आहे. त्याच्यापुढे ही तिन्ही साधने निष्प्रभ ठरतात.

काचेहून मोलाचा लेप

लेन्सची पुढची काच आपण समजतो तितकी नाजूक नसते. ती चांगली जाड असते आणि किरकोळ धक्क्याने फुटत नाही. खरी जपणूक करायची असते ती तिच्यावरील लेपाची. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. आजच्या झूम लेन्समध्ये दहा-पंधरा भिंगे असतात. प्रत्येक पृष्ठभागावर एवढा प्रकाश वाया गेला, तर चित्र अंधुक आणि पांढुरके होईल. जर्मनीच्या कार्ल झाईस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन रोखणारा लेप विकसित केला, तेव्हा या अडचणीवर उपाय सापडला. आज एकाच काचेवर असे अनेक थर चढवले जातात. लेन्सकडे तिरपे पाहिले असता दिसणारी हिरवट-जांभळी झाक या थरांचीच असते.

हा लेप बोटाच्या ठशाने लगेच बिघडत नाही. तो बिघडतो धुळीचा कण काचेवर ठेवून त्यावरून कापड फिरवल्यामुळे. वाळूत गारगोटीचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण असतात. अंगावरील सदऱ्याच्या टोकाने लेन्स पुसणे म्हणजे तिच्यावर कानशीच फिरवणे होय. काचेवरील एखादा बारीक ओरखडा छायाचित्रात सहसा दिसतही नाही. मात्र वारंवार पुसून पडलेल्या असंख्य ओरखड्यांवर ऊन पडले की चित्राचा उठाव हरवतो.

उपेक्षित हूड

रखरखीत उन्हात दूरवरचे पाहायचे असेल, तर आपण कपाळावर आडवा हात धरतो. हूडचे मूळ काम नेमके हेच. चित्राच्या चौकटीबाहेरून येणारा तिरपा प्रकाश ते अडवते आणि चित्रातील रंग, उठाव टिकवते. हे काम करताना ते लेन्सचे उत्तम रक्षणही करते. गर्दीत कोणाचे कोपर लागले, कॅमेरा दरवाजावर आदळला किंवा हातातून निसटला, तर पहिला आघात हूडवर होतो. ते बहुधा प्लॅस्टिकचे असल्याने वाकून किंवा प्रसंगी तुटून आघात सोसते. शिवाय ते काचेपासून पुढे आलेले असल्यामुळे बोटे आणि पावसाचे तिरपे थेंब काचेपर्यंत सहजासहजी पोहोचत नाहीत. आणि हे सारे करताना चित्राच्या मार्गात काहीही आडवे येत नाही.

काही हूड पाकळ्यांच्या आकाराचे असतात. हा आकार शोभेसाठी नव्हे. छायाचित्राची चौकट आयताकृती असते आणि तिचे कोपरे मध्यापासून सर्वांत दूर असतात. त्या चार कोपऱ्यांच्या दिशेने हूडला खाचा ठेवल्या नाहीत, तर चित्राचे कोपरे काळे पडतात. म्हणूनच एका लेन्सचे हूड दुसरीला चालतेच असे नाही. विस्तृत दृश्य टिपणाऱ्या लेन्सला टेलिफोटोचे लांब हूड लावले, तर चित्रात हूडच दिसू लागेल. कॅमेऱ्यातील अंगचा फ्लॅश वापरतानाही हूड काढावे. अन्यथा त्याची अर्धगोल सावली चित्राच्या तळाशी उमटते.

एवढे उपयुक्त साधन बहुतेक वेळा लेन्सवर उलटे चढवलेले दिसते. ती पद्धत पिशवीत ठेवण्यापुरती आहे. उलट्या हूडने ना प्रकाश अडतो, ना धक्का.

फिल्टर : केव्हा हवा, केव्हा नको

यूव्ही फिल्टरचा जन्म फिल्मच्या काळातला. फिल्म अतिनील किरणांना संवेदनशील असल्याने डोंगरमाथ्यावरील किंवा समुद्रकिनाऱ्यावरील दृश्यांवर निळसर धूसरता येई. हा फिल्टर ती कमी करी. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकापुढे मात्र असे किरण गाळणारी काच आधीच बसवलेली असते. त्यामुळे आज यूव्ही फिल्टर म्हणजे जवळपास साधी पारदर्शक काचच. ती लावायची तर संरक्षणासाठीच, हे मनाशी स्पष्ट असलेले बरे.

वाऱ्याने उडणारी वाळू, समुद्राचे खारे तुषार, दिवे घाटातील वारीची धूळ, जेजुरीच्या गडावर उधळला जाणारा भंडारा अशा ठिकाणी फिल्टर अवश्य लावावा. हळदीची पूड किंवा मीठ पुन्हा पुन्हा पुसावे लागते. अशा वेळी झीज फिल्टरची व्हावी, लेन्सची नव्हे. काही लेन्सना धूळ-पाण्यापासून पूर्ण बचाव मिळण्यासाठी पुढे फिल्टर असणे आवश्यकच असते. कॅननच्या एल मालिकेतील काही लेन्सच्या माहितीपुस्तिकेत तशी सूचना आहे.

कॅमेरा पडला तर मात्र फिल्टर वाचवेलच, असा भरवसा धरू नये. फिल्टरची काच लेन्सच्या काचेपेक्षा कितीतरी पातळ असते. लेन्सला काहीच झाले नसते अशा धक्क्यानेही ती फुटते आणि तिचेच तुकडे लेन्सवर ओरखडे उमटवू शकतात. कधी त्याची धातूची कडी वाकून लेन्सच्या आट्यांत घट्ट बसते.

शिवाय फिल्टर म्हणजे आणखी दोन पृष्ठभाग. लेप नसलेल्या स्वस्त फिल्टरने सुमारे ८ टक्के प्रकाश परततो. रात्री रोषणाईचे चित्र घेताना याचा पुरता अनुभव येतो. लखलखत्या दिव्यांची प्रतिबिंबे चित्राच्या मध्यबिंदूपलीकडे, बरोबर विरुद्ध बाजूला, हिरवट ठिपक्यांच्या रूपाने तरंगताना दिसतात. दिवाळीतील दीपोत्सव किंवा उगवत्या-मावळत्या सूर्याचे चित्र घेताना फिल्टर काढून ठेवणे इष्ट. महागड्या लेन्सवर हलका फिल्टर लावणे म्हणजे पैठणीवर गोणपाटाचा पदर जोडणे. घ्यायचाच तर दोन्ही बाजूंनी अनेक थरांचा लेप असलेला घ्यावा. मापासाठी लेन्सवर काट मारलेल्या वर्तुळाच्या चिन्हापुढील आकडा पाहावा. ५२, ५८, ६७, ७७ मिलिमीटर ही त्यांतील नेहमीची मापे. पोलरायझर कायमचा लावून ठेवू नये. तो निम्म्याहून अधिक प्रकाश शोषून घेतो.

झाकणाचे स्थान

झाकण हे विश्रांतीच्या वेळचे संरक्षण. पिशवीत किंवा प्रवासात ते पुढे हवेच. परंतु चित्रे घेण्याच्या वेळी त्याचा उपयोग नाही. पुढच्या झाकणाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मागच्या झाकणाला आहे. मागची काच संवेदकाच्या जवळ असल्याने तिच्यावरील डाग वा ओरखडा चित्रात उतरण्याची शक्यता जास्त असते. झाकणाच्या आतली बाजूही अधूनमधून स्वच्छ करावी. तिथे साचलेली धूळ शेवटी काचेवरच पडते.

चौथा शत्रू : बुरशी

आता त्या चौथ्या शत्रूविषयी. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि लेन्सच्या आतही असतात. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० टक्क्यांवर बरेच दिवस राहिली, की ते रुजू लागतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यातील आर्द्रता याहून कितीतरी अधिक असते. काळोख, कोंदट हवा आणि थोडीशी धूळ किंवा बोटांचे तेल एवढे बुरशीला पुरते. काही महिन्यांत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. त्यांतून स्रवणारी आम्ले लेपाला आणि नंतर काचेलाही खातात. पुढे लेन्स उघडून साफ केली, तरी ते व्रण जात नाहीत.

प्रस्तुत प्रतिनिधीने हा धडा स्वतःची लेन्स गमावून घेतला आहे. विसर्जनाच्या रात्री पावसात भिजलेला कॅमेरा वरवर पुसला, दोन्ही झाकणे घट्ट लावली आणि चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. 'जपून ठेवला' अशीच भावना होती. नाताळात तो बाहेर काढला, तेव्हा पुढच्या काचेवर एकही ओरखडा नव्हता. आत मात्र जाळे पसरले होते. झाकणांनी पाणी बाहेर ठेवले नव्हते, आत कोंडले होते.

उपाय साधे आहेत. भिजलेली लेन्स कोरड्या कापडाने टिपावी आणि झाकणे न लावता पंख्याच्या वाऱ्यावर पूर्ण सुकू द्यावी. धूळ असल्यास आधी ब्लोअरने उडवावी, मगच मायक्रोफायबरचे कापड लावावे. पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. ४० ते ५० टक्के आर्द्रता योग्य. डब्यात छोटा आर्द्रतामापक असला तर उत्तम. जेलने रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. कापूर किंवा डांबराच्या गोळ्या मात्र जवळ ठेवू नयेत. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरताना कॅमेरा पिशवीतच बंद ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. अन्यथा काचेवर लगेच दव धरते. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे कॅमेरा वापरत राहावे. कपाटात बंद राहिलेल्या लेन्सलाच बुरशी अधिक गाठते.

तेव्हा पुढच्या मिरवणुकीला जाताना हूड सरळ लावावे, गुलालाचा अंदाज घेऊन फिल्टर चढवावा आणि झाकण खिशात टाकावे. घरी परतल्यावर मात्र, कितीही थकवा आला असला, तरी कपाटाचे दार उघडण्यापूर्वी पंखा सुरू करावा.