फुकट गाणी : कुठे काय अडतं?

परभणीहून गंगाखेडची एसटी धरली, जनाबाईचा अभंग लावला आणि मोबाइल खिशात टाकला. पडदा विझला की यूट्यूब म्युझिकच्या फुकट खात्यातलं गाणंही विझतं! स्पॉटिफाय (भारतात 2019 पासून) आणि जिओसावन पडदा बंद असतानाही वाजत राहतात. मध्ये जाहिराती सोसायच्या. गाणं उतरवून ठेवायचं तर तिघांकडेही पैसे मोजावे लागतात. गाना 2022 मध्येच सशुल्क झालं, विंक 2024 मध्ये बंद पडलं. तिथे जमवलेल्या याद्या आता विसराव्यात.

डेटाचं गणित सोपं आहे: 96 केबीपीएसला तासाला साधारण 43 एमबी. व्हिडिओ लावून नुसतं ऐकणाऱ्यांचा डेटा मात्र कितीतरी पटीने उडतो.

जात्यावरच्या ओव्या हव्या असतील तर ‘परी’चं (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळ गाठा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पातल्या बायकांच्या आवाजातल्या ओव्या तिथे विनामूल्य, जाहिरातींविना आहेत. आणि घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर आकाशवाणी परभणी, 1305 किलोहर्ट्झ. ना खातं, ना रिचार्ज. फक्त गाणं त्यांच्या पसंतीचं.