नवी वस्तू आणि बाजारपेठेची पूर्वतयारी

कोल्हापूर जिल्ह्याच्या औद्योगिक जीवनात कारागिरांच्या कल्पकतेला मानाचे स्थान आहे. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्या आणि यंत्रशाळा, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचे चांदीकाम आणि गावोगावची गुऱ्हाळे यांतून हाताला आणि बुद्धीला सतत काम मिळत आले आहे. नित्याच्या कामातील अडचण पाहून एखादा मिस्त्री नवे अवजार घडवितो. एखादा शेतकरी जुन्या यंत्रात उपयुक्त बदल करतो. परंतु अशा अनेक वस्तू कार्यशाळेच्या कोपऱ्यातच गंजत पडतात. वस्तू सदोष असते असे नव्हे. तिची विक्री कशी होणार, याचा विचार ती तयार झाल्यावर सुरू होतो. तोपर्यंत घरची पुंजी संपलेली असते आणि कर्जाचे हप्ते मात्र सुरू झालेले असतात. म्हणूनच बाजारपेठेची तयारी ही वस्तुनिर्मितीच्या पहिल्या दिवसापासूनच व्हावयास हवी.

लोखंडी नांगराचा धडा

या संदर्भात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा अनुभव आजही मार्गदर्शक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगरापेक्षा तो खोल जाणारा आणि टिकाऊ होता; तरीही तो घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन नासते, असा समज शेतकऱ्यांत रूढ होता. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे हाच नांगर घरोघरी पोहोचला. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंडाची टंचाई भासू लागली, तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या तोफा नांगरांसाठी उपलब्ध करून दिल्या.

केवळ नांगर चांगला होता म्हणून हे यश लाभले नाही. ग्राहकाशी सातत्याने संबंध ठेवण्याचे महत्त्व या कारखान्याने ओळखले होते. शंकरराव किर्लोस्कर यांनी जाहिरातीचे काम शास्त्रशुद्ध रीतीने हाती घेतले आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू झाले. कारखान्याची वार्ता ग्राहकांपर्यंत नेणारे हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून महाराष्ट्रात मान्यता पावले.

प्रत्यक्ष कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास स्वदेशी चलच्चित्र कॅमेरा सिद्ध केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. चित्रपटासाठी आकर्षक भित्तिपत्रके रंगविणे आणि सचित्र माहितीपुस्तिका काढणे, या बाबींकडेही या कलावंताने तितकेच लक्ष पुरविले. निर्मिती आणि प्रसिद्धी ही एकाच कार्याची दोन अंगे होत, हे यावरून स्पष्ट होते.

गरज, ग्राहक आणि हंगाम

उदाहरणादाखल अशी कल्पना करू, की शिरोळ तालुक्यातील एका कारागिराने उसाचे डोळे काढण्याचे हातयंत्र बनविले आहे. त्याने प्रथम विचारावयाचा प्रश्न असा : हे यंत्र विकत कोण घेणार? एकटा शेतकरी, रोपवाटिका चालविणारा बचत गट, की साखर कारखाना? यंत्र वापरणारा आणि त्याचे पैसे देणारा या पुष्कळदा भिन्न व्यक्ती असतात. रोपवाटिकेत डोळे काढण्याचे काम स्त्रिया करीत असतील, तर मुठीचा आकार व दाबण्यास लागणारे बळ त्यांच्या हाताला साजेसे हवे. दहा-बारा जणींना यंत्र आठवडाभर वापरावयास देऊन त्यांच्या तक्रारी लिहून घेणे, हीच बाजारपेठेची पहिली पाहणी होय.

हंगामाचेही भान आवश्यक आहे. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी उसाची ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि सुरू उसाची जानेवारी-फेब्रुवारीत होते. रोपे त्याआधी काही आठवडे तयार करावी लागतात. सप्टेंबरात हाती आलेले यंत्र आडसाली लागणीच्या ग्राहकाला निरुपयोगी ठरते.

किंमत ठरविताना

सर्वाधिक फसगत किमतीच्या बाबतीत होते. वरील यंत्रास समजा ९०० रुपयांचा माल, ४०० रुपयांची मजुरी आणि १०० रुपयांची वीज व घट लागते. एकूण १,४०० रुपये झाले. कारागीर १,६०० रुपये किंमत ठरवितो आणि २०० रुपये नफा झाला असे मानतो. परंतु दुकानदाराने २० टक्के कमिशन घेतले, की ३२० रुपये जातात आणि हाती १,२८० रुपयेच उरतात. म्हणजे प्रत्येक नगामागे १२० रुपयांचा तोटा होतो. किंमत २,००० रुपये ठेवली, तर कमिशन वजा जाता १,६०० रुपये राहतात. त्यातून वाहतुकीचे १०० आणि विक्रीनंतरच्या दुरुस्तीचे ५० रुपये वगळले, तर शिल्लक अवघी ५० रुपये! हा हिशेब शंभर नग तयार करण्यापूर्वी मांडला, तर वस्तूची रचना बदलून खर्च कमी करता येतो. नंतर मांडला, तर केवळ पश्चात्ताप उरतो.

प्रात्यक्षिकापूर्वी संरक्षण

वस्तू लोकांना दाखविल्याखेरीज विश्वास निर्माण होत नाही. परंतु ती उघडपणे दाखविल्यास पेटंटचा हक्क धोक्यात येतो. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार शोध नवीन असावा लागतो आणि अर्जापूर्वी जाहीर झालेला शोध सामान्यतः नवीन मानला जात नाही. यावर सोपा मार्ग म्हणजे प्रथम तात्पुरत्या विवरणासह अर्ज दाखल करणे. त्यानंतर संपूर्ण विवरण देण्यास बारा महिन्यांची मुदत मिळते आणि त्या काळात चाचणी व प्रात्यक्षिके घेता येतात. व्यक्तिगत अर्जदारास शुल्कही मोठ्या कंपनीपेक्षा कमी असते. पेटंटची मुदत वीस वर्षे आहे. केवळ बाह्य आकार नवा असेल, तर डिझाईनची नोंदणी उपयुक्त ठरते.

परंपरागत वस्तूंचा मार्ग निराळा आहे. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. जून २०२५ मध्ये एका नामांकित इटालियन कंपनीने मिलान येथे तशाच धर्तीच्या चपला सादर केल्या, तेव्हा प्रारंभी मूळ कारागिरांचा उल्लेखही नव्हता. महाराष्ट्रातून आक्षेप नोंदविला गेल्यावर कंपनीने चपलेचे भारतीय मूळ मान्य केले. नोंदणीकृत नाव आणि संघटित आवाज यांचे मोल यावरून लक्षात येते.

गावाचे साहाय्य

या कामी कारागीर एकटा पडू नये. जिल्हा उद्योग केंद्र, कोल्हापूरचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आणि शिवाजी विद्यापीठ यांच्याशी त्याचा वेळीच संपर्क घडवून आणणे पंचायत सदस्यांना शक्य आहे. अर्जाची भाषा आणि खर्चाचा तक्ता तयार करण्यास शिक्षक मदत करू शकतील. ग्रामसभेनंतरचा अर्धा तास किंवा गावच्या यात्रेतील एक मांडव प्रात्यक्षिकासाठी पुरेसा आहे. मात्र अर्ज आधी दाखल झाला आहे ना, एवढी खात्री करून घ्यावी.

लोखंडी नांगराला गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षे वाट पाहावी लागली. आजच्या कारागिराच्या कर्जाचे हप्ते इतका काळ थांबत नाहीत. पहिला नग भट्टीतून बाहेर पडण्यापूर्वीच त्याचे पहिले दहा ग्राहक ठाऊक असणे, हाच त्यावरील खात्रीचा उपाय होय.