'बोली' ठरवलेली भाषा

२०२२च्या फेब्रुवारीत रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये शिरले आणि आपल्याकडच्या बातम्यांत एकाच शहराची दोन-दोन नावं दिसू लागली. खारकोव आणि खार्किव, ल्वोव आणि ल्विव. पुष्कळांना ही छपाईतली गफलत वाटली असेल. प्रत्यक्षात पहिलं रूप रशियन आहे आणि दुसरं युक्रेनियन. अक्षर व्यंजनानं बंद होत असेल तर जुन्या 'ओ'चा 'इ' व्हावा, ही युक्रेनियनची ठळक खूण. मांजर रशियनमध्ये 'कोत', युक्रेनियनमध्ये 'कित'. नाक तिकडे 'नोस', इकडे 'निस'. विभक्ती लागून अक्षर मोकळं झालं की हरवलेला 'ओ' परत येतो. म्हणून शहर ल्विव, पण 'ल्विवमध्ये' म्हणायचं तर 'उ ल्वोवी'. इतका शिस्तशीर नियम शतकानुशतकं बोलता बोलता रुळतो. युक्रेनियन म्हणजे खेडवळांनी बिघडवलेली रशियन, असं म्हणणाऱ्यांनी हा एक नियम जरी नीट पाहिला असता तरी पुरे होतं.

दोघींचं मूळ एक, यात वाद नाही. बेलारुशियनसह या तिन्ही पूर्व स्लाव्ह भाषा. ९८८ साली कीव्हच्या राजा व्लादिमिरनं, म्हणजे युक्रेनियन उच्चारात वोलोदिमिरनं, ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा तिथल्या बोलींत फरक असले तरी वेगळ्या भाषा म्हणाव्यात इतके नव्हते. १२४० साली मंगोलांनी कीव्ह उद्ध्वस्त केलं आणि वाटा फुटत गेल्या. ईशान्येकडचा मुलूख मंगोलांचा मांडलिक होऊन पुढे मॉस्कोच्या सत्तेखाली एकवटला. आजच्या युक्रेनचा मोठा भाग लिथुआनियाकडे आणि १५६९च्या लुब्लिन करारानंतर पोलंडकडे गेला. मॉस्कोशी कोसॅकांचा पेरेयास्लावचा करार झाला १६५४ साली. तोवर चार शतकं उलटून गेली होती, आणि एवढ्या काळात भाषा आपापल्या वाटेनं बऱ्याच पुढे जातात.

साखरेचंच बघा. रशियनमध्ये साखर 'साखर'च, फक्त उच्चार थोडा वेगळा. आपली शर्करा ग्रीकांकडे गेली आणि ग्रीकमधून रशियनमध्ये आली. युक्रेनियनमध्ये साखरेला म्हणतात 'त्सुकोर'. मूळ तेच, पण वाट दुसरी: फारसी, अरबी, इटालियन, जर्मन, मग पोलिश आणि शेवटी युक्रेनियन. कोणत्या भाषेची कोणत्या शेजाऱ्यांशी ऊठबस होती, ते या दोन शब्दांत उमटलं आहे. कागदाला रशियन 'बुमागा' म्हणते, युक्रेनियन 'पापिर'. आभाराला रशियन 'स्पसीबा', तर युक्रेनियन 'द्याकुयू', आणि त्यात जर्मन 'डांक' पोलिशमार्गे आलेला आहे. रशियननं मात्र चर्चच्या जुन्या स्लाव्ह ग्रंथभाषेतून भारदस्त शब्दांचा मोठा थर उचलला. कीव्हचे भाषाशास्त्रज्ञ कोस्त्यांतिन तिश्चेंको यांच्या हिशेबानं युक्रेनियनचा शब्दसंग्रह बेलारुशियनशी ८४ टक्के जुळतो, पोलिशशी ७० टक्के आणि रशियनशी ६२ टक्के. शब्दांपुरतं पाहिलं तर पोलिश रशियनपेक्षा जवळची. व्याकरणात मात्र रशियनशी नातं दाट आहे.

कानाला पहिला फरक जाणवतो तो 'ग' आणि 'ह'चा. ज्या अक्षराचा उच्चार रशियन 'ग' करते, त्याचा युक्रेनियन 'ह' करते, आणि तो ह जवळजवळ आपल्या मराठी 'ह'सारखाच घोष आहे. प्रमाण रशियनमध्ये हा स्वतंत्र वर्णच नाही, त्यामुळे हिमालय तिथे 'गिमालाई' होतो. युक्रेनियनमध्ये तो 'हिमालायी' राहतो. दुसरा फरक स्वरांचा. आघात नसलेला 'ओ' रशियन माणूस 'अ'कडे झुकवतो. दूध लिहितात 'मोलोको', म्हणतात 'मलाको'. युक्रेनियनमध्ये तिन्ही 'ओ' स्वच्छ ऐकू येतात. ब्रेडला रशियन 'ख्लेप' म्हणते, कारण शेवटचा 'ब' तिथे अघोष होतो. युक्रेनियन 'ख्लिब'मध्ये तो शाबूत आहे.

व्याकरणात मराठी माणसाला युक्रेनियनचं एक वैशिष्ट्य चटकन आपलंसं वाटेल: तिच्यात संबोधन जिवंत आहे. आपण 'मुलांनो', 'देवा' म्हणतो, तशी तिथे हाक मारताना 'मामा' (म्हणजे आई) या शब्दाचं 'मामो' होतं, इवानचं 'इवाने'. रशियनमध्ये ही विभक्ती 'बोझे', म्हणजे 'देवा', यासारख्या मोजक्या शब्दांत गोठून उरली आहे. भविष्यकाळही वेगळा. 'मी वाचत राहीन' याला रशियन दोन शब्द घेते, 'बुदू चितात'. युक्रेनियनकडे तशी रचना आहेच, शिवाय एका शब्दातलं 'चितातिमू'ही आहे.

फसवे शब्द तर पावलोपावली. 'नेद्येल्या' रशियनमध्ये आठवडा, 'नेदिल्या' युक्रेनियनमध्ये रविवार. मूळ अर्थ 'काम न करण्याचा दिवस', तो युक्रेनियननं जपला. रशियन 'उरोदलिवी' म्हणजे कुरूप, युक्रेनियन 'व्रोदलिवी' म्हणजे देखणा. महिन्यांची नावं मला सर्वांत आवडतात. रशियननं लॅटिन नावं घेतली. युक्रेनियन ऑक्टोबरला 'झोव्तेन' म्हणते, पिवळ्या रंगावरून, आणि नोव्हेंबरला 'लिस्तोपाद', पानगळ.

आता राजकारण. १७९८ साली इवान कोत्ल्यारेव्स्की यांचं 'एनेइदा' छापलं गेलं आणि लोकांच्या तोंडची युक्रेनियन छापील साहित्यात आली. १८४०मध्ये तारास शेवचेंको यांचा 'कोबझार' निघाला. हा कवी वेठबिगार कुळात जन्मलेला. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याला विकत घेऊन मुक्त केलं गेलं होतं. १८४७ साली झारनं त्याला हद्दपार केलं, वर लिहिण्या-रंगवण्यावर बंदी घातली. १८६३मध्ये गृहमंत्री वालुयेव यांच्या परिपत्रकानं युक्रेनियनमध्ये धार्मिक आणि शालेय पुस्तकं छापणं थांबवलं. अशी वेगळी भाषाच नाही, हा त्यामागचा दावा. १८७६ साली दुसरा अलेक्झांडर जर्मनीतल्या एम्स इथे असताना त्यानं आणखी कडक फर्मानावर सही केली: युक्रेनियन पुस्तकं बाहेरून आणायची नाहीत, नाटकं करायची नाहीत, स्वरलिपीखाली गाण्याचे शब्दसुद्धा छापायचे नाहीत. जी भाषा मुळात नाहीच, तिच्या गाण्यांच्या शब्दांची एवढी भीती का वाटावी? ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या ल्विवमध्ये छापखाने चालू राहिले म्हणून हे साहित्य तगलं. लेस्या उक्राइन्का यांचा पहिला संग्रह १८९३मध्ये तिथेच निघाला.

१९०५ साली खुद्द रशियन विज्ञान अकादमीनं युक्रेनियन ही स्वतंत्र भाषा आहे आणि तिच्यावरचे निर्बंध उठवावेत, असा अहवाल दिला. शाख्मातोव यांच्यासारखे अव्वल रशियन भाषापंडित त्यामागे होते, म्हणून त्याचं मोल मोठं. सोव्हिएत राजवटीनं विसाच्या दशकात युक्रेनियनला उत्तेजन दिलं, मग तीसच्या दशकात हात आवळला. १९३३मध्ये 'ग'साठीचं वेगळं अक्षर वर्णमालेतून काढण्यात आलं, ते १९९०मध्ये परतलं.

मराठी वाचकाला 'भाषा की बोली' हा वाद परका नाही. कोकणीला साहित्य अकादमीनं स्वतंत्र भाषा मानलं ते १९७५ साली, आणि ती गोव्याची राजभाषा झाली १९८७ साली. त्याआधी तिला मराठीची बोली ठरवण्यात आपलेही विद्वान पुढे होते. दोन भाषांत साम्य किती, हे अभ्यासानं मोजता येतं. पण ती भाषा कोणाची आणि तिचं काय व्हावं, हे बोलणाऱ्यांनी ठरवायचं असतं, असं मी ठामपणे मानतो.

रशियन आणि युक्रेनियन बोलणाऱ्यांना एकमेकांचं सगळं समजतं, हेही अर्धंच खरं. कीव्हमधल्या माणसाला रशियन समजते, कारण पिढ्यान् पिढ्या ती शाळेतून, कचेरीतून, टीव्हीवरून त्याच्या कानावर पडली. सैबेरियातून आलेल्या आणि युक्रेनियन कधी न ऐकलेल्या माणसाला पहिल्या दिवशी निम्मं बोलणं निसटतं. युक्रेनमध्ये दोघींच्या मिश्रणाला 'सुर्झिक' म्हणतात. मूळ अर्थ मिश्र धान्याचं पीठ. शहरी लोक त्याला नाकं मुरडतात, पण लाखोंच्या घरातलं बोलणं तेच आहे.

२००१च्या जनगणनेत ६७.५ टक्के लोकांनी युक्रेनियन ही मातृभाषा सांगितली आणि २९.६ टक्क्यांनी रशियन. स्वतः युक्रेनचे युद्धकाळातले राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की क्रिवी रिहमधल्या रशियनभाषक घरातले. त्यामुळे 'रशियन बोलतो तो रशियाचा' हे समीकरण युद्धात टिकलं नाही. खार्किव आणि ओदेसाचे रशियनभाषक युक्रेनच्या बाजूनं लढले. लेखकांनी मात्र वेगवेगळे निर्णय घेतले. दोनेत्स्कचे कादंबरीकार वोलोदिमिर राफेयेंको रशियनमध्ये लिहीत. २०१४ साली पूर्वेकडच्या दोनबासमध्ये युद्ध पेटल्यावर त्यांना शहर सोडावं लागलं, मग युक्रेनियन आत्मसात करून त्यांनी 'माँदेग्रिन' ही कादंबरी २०१९मध्ये त्या भाषेत आणली, आणि २०२२नंतर रशियनमध्ये लिहिणं बंद केल्याचं जाहीर केलं. कीव्हचे आंद्रेय कुरकोव युक्रेनची बाजू जगभर हिरिरीनं मांडतात. दोनबासच्या त्याच युद्धावरची 'ग्रे बीज' ही त्यांची कादंबरी लिहिली गेली ती रशियनमध्ये.