छत्तीस फ्रेमची मैफल

पुण्यात छोट्या मैफलींना कधीच तोटा नव्हता. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज, शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, भरत नाट्य मंदिर. जॅझ-रॉकवाल्यांसाठी हाय स्पिरिट्स कॅफे. गाण्याची तऱ्हा बदलते, पण फोटो काढणाऱ्याची अडचण तीच राहते. उजेड अपुरा असतो आणि फ्लॅश मारला की गाणाऱ्याची समाधी मोडते.

कृष्णधवल फिल्मने ही अडचण बरीचशी सोडवली. कोडॅकची ट्राय-एक्स किंवा इलफर्डची एचपी-फाइव्ह प्लस ही फिल्म मुळात ४०० आयएसओची. ती १६०० ची आहे असं धरून फोटो काढायचे आणि डेव्हलपिंगचा वेळ वाढवायचा. याला ‘पुश’ करणं म्हणतात. आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, २० अंश तापमानाला, एचपी-फाइव्ह प्लसला एरवी साडेसात मिनिटं लागतात, पुश केल्यावर चौदा. पुण्याच्या एप्रिलमध्ये नळाचं पाणीच याहून कोमट, म्हणून डेव्हलपिंगचा डबा बर्फाच्या पाण्यात ठेवावा लागतो. पुश केल्यावर ग्रेन वाढतो, सावल्यांमधले तपशील जातात, पांढरा झब्बा जळू पाहतो. तरीही उजेडाचं मोजमाप झब्ब्याचं नव्हे, चेहऱ्याचं करायचं.

तंत्र इथवर शिकता येतं. पुढे गाणंच कळावं लागतं.

विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या आसपास चालू शकतं. रोलमध्ये फ्रेम छत्तीसच. सम कुठे येणार हे ज्याला ऐकू येतं, तो आधीच फोकस लावून थांबतो आणि समेवर गायक-तबलजींची नजर मिळते ती पकडतो. तबला बहुधा गायकाच्या उजव्या हाताला असतो. म्हणजे ही नजर हवी तर श्रोत्यांच्या डाव्या बाजूला बसायचं, माइक चेहऱ्यावर येणार नाही इतकं कडेला. आणि आलापीत शटर दाबायचं नाही. एसएलआर कॅमेऱ्याचा आरसा खट्‌कन उचलला जातो आणि तो आवाज पहिल्या रांगेला नक्की ऐकू जातो. द्रुत लयीत तबलाच तो झाकून टाकतो.

सतीश पाकणीकर यांचं काम यासाठी मुद्दाम पाहावं. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात पाकणीकर १९८० च्या दशकापासून कलावंतांची प्रकाशचित्रं टिपत आले. महोत्सव भव्य, पण त्यांच्या कृष्णधवल चौकटीत मांडव दिसत नाही. दिसतो चेहरा, हात, तानपुऱ्याची तार. हजारो श्रोत्यांतून घरगुती बैठकीची जवळीक काढणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. त्यांची थीम कॅलेंडरं आज कितीतरी घरांत या कलावंतांची ओळख जपून आहेत.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये हर्मन लेनर्ड यांनी १९४८ मध्ये रॉयल रूस्ट क्लबात जॅझ सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन यांचा धुरात वेढलेला फोटो काढला, तो स्वतःचे दिवे मांडून. आपल्या बैठकीत असा थाट चालत नाही. प्रकाशचित्रकार दयानिता सिंग यांनी वेगळी वाट धरली. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकत असताना त्या तबलावादक झाकिर हुसेन यांच्यासोबत दौऱ्यांवर फिरल्या आणि १९८६ मध्ये त्यातून त्यांचं पहिलं पुस्तक झालं. मंचाइतकाच मंचामागचा उस्ताद त्यात दिसतो.

आता धोका आहे तो निगेटिव्हला. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या फिल्मला बुरशी लागते, पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि मग त्या मैफलीचा दुसरा पुरावा उरत नाही. जुन्या संस्थांनी, कलावंतांच्या आणि हौशी फोटोग्राफरांच्या घरच्यांनी एवढं तरी करावं: पट्ट्या स्वच्छ पाकिटात, सिलिका जेलसोबत कोरड्या डब्यात ठेवाव्यात, स्कॅन करून घ्याव्यात आणि पाकिटावर तारीख, जागा, साथीदारांची नावं लिहावीत. तबल्यावर कोण होतं हे सांगू शकणारी माणसं अजून आहेत, तोवरच त्यांना विचारून घ्या.